खाली, मऊ, थांब

सुकेशनीला थांबणं म्हणून जमायचंच नाय. चहाला उकळी यायच्या आधी ही गाळणी घेऊन हजर. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी हिची सायकल चौकाच्या मधोमध. दहावीत सर फळ्यावर गणित लिहून व्हायच्या आधी हिनं जागेवरून उत्तर ओरडलं. सर म्हणले, आगाऊपणा करू नको. ही म्हणली, उत्तर बरोबर हाय का नाय तेवढं सांगा. सर म्हणले, बाहेर हो. ही बाहेर झाली ती झालीच. आधी वर्गाच्या, मग शाळेच्या.

आई चितेगावला कंपनीत कामाला. तिनं एक दिवस पोरीला कपड्याच्या पिशवीसकट उचललं आन् पुंडलिकनगरला बहिणीच्या दारात आणून सोडलं.

"सत्ते, मपलं ही ऐकत नाय. तुझा आवाज मोठा हाय, तू बघ."

मावशीचा आवाज मोठा होता हे काय खोटं नव्हतं. सत्यशीला मावशी दिवसा चिकलठाण्याला पॅकिंगमधी उभी राहायची, आन् संध्याकाळी भीमगीतं गायची. माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागायचा नाय. दर चौदा जानेवारीला, नामविस्तार दिनाला, विद्यापीठाच्या गेटावर तिचं गाणं ठरलेलं. त्या दिवशी गेटासमोर पाय ठेवायला जागा नसती. ह्याचं स्टेज, त्याचं स्टेज, पुस्तकांची दुकानं, निळे झेंडे, पोराबाळांसकट आलेली खेड्यापाड्यातली माणसं. तिथं मावशी लग्नाच्या आधीपासून गायची. स्वतःच बांधलेलं गाणं:

दार उघडं झालं बाई, दार उघडं झालं
हाती दिलं पुस्तक ज्यानं, नाव त्याचं आलं

"आन् ह्या गाण्याला कोरस द्यायला कोण? शाळा सोडलेली पोरगी," असं मावशी दरवेळी म्हणायची. सुकेशनी दरवेळी चिडायची, आन् कोरस मात्र द्यायची.

यंदा दिवाळीनंतर मावशीच्या गळ्यातली गाठ काढली. आवाजात फरक पडंल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आन् पडला. काळी पाचच्या उंच पट्टीत गाणारी बाई पांढरी चारवर आली. पेटीवरचं बोट चांगलंच डावीकडं सरकलं. एक ओळ झाली की तिला श्वासासाठी थांबावं लागायचं. आवाज मात्र वाईट झाला नव्हता. सुकेशनीला तर तो आधीपेक्षा जास्त आवडायला लागला होता. आधी पत्र्यासारखा खणखणीत होता, आता गोधडीसारखा झाला होता, जाड आन् उबदार.

पण गाण्याची पार्टी चालवायचे कारभारी मामा. मंडप त्यांचा, साऊंड त्यांचं. ढोलकीवाले मोतीराम तात्या ढोलकीसकट लेकाकडं पुण्याला गेल्यापासून मामांनी सगळी गाणी एका पोराकडून कीबोर्डात भरून घेतली होती. ढोलकी, पेटी, बेस, सगळं. बटण दाबलं की वाजतंय. पण भरलंय मावशीच्या जुन्या पट्टीत, जुन्या दमात.

मामा घरी आले, पाणी पिले, चहा हातात घेतला, आन् मुद्द्यावर आले.

"ताई, मपल्याकडं तुमचं जुनं रेकॉर्डिंग हाय. एकदम कडक. तुम्ही गेटावर उभं राहायचं, हात वर करायचा, तोंड हालवायचं. आवाज मी सोडतो."

"मंग मला कामून उभं करता भाऊ? साडीच्या दुकानातली बाहुली आणा. तिला तर जेवणबी लागत नाय."

"लोकांना तोच आवाज पायजे, ताई."

"त्या आवाजाला मीच सोडून आले ऑपरेशनच्या टेबलावर. मपल्या ह्या आवाजात गाऊ द्यायचं आसंल तर येते. नायतर यंदा मी घरात बसते." एवढं बोलून मावशी कणीक मळायला लागली. ती कणकेला अशी हाणत होती की मामांनी कप खाली ठेवला.

मावशी गेटावर जाणार नाय, हे सुकेशनीच्या डोक्यात बसंच ना. असं कसं? पोळा येतो, दिवाळी येती, तशी मावशी गेटावर जाती.

"मी करते," ती म्हणली.

"तू काय करती?" मामा.

"गाणी खाली आणते."

"अगं पोरी, पट्टी उतरवायचं बटण कीबोर्डालाच हाय. दाबून बघितलं मी. बेस पोटात घुमतो, आन् पेटी अशी वाजती जशी सर्दी झाली तिला."

"म्हणूनच मी करते म्हणले ना! बटणाला अक्कल आसती का?"

मामांनी मावशीकडं बघितलं. मावशी कणीक मळत राहिली. शेवटी ठरलं, गेटाच्या आधीच्या रविवारी तालीम. जमलं तर मावशी गाणार. नाय जमलं तर रेकॉर्डिंग, मावशी आली तर तिच्यासंग, नाय आली तर दुसरीला साडी नेसवून.

आता सुकेशनीकडं काय होतं? एक जुना लॅपटॉप, त्याचं झाकण रबरानं बांधलेलं. आन् एक भाषा. शाळा सुटल्यावर ती फोनवर बघून बघून प्रोग्रॅमिंग शिकली होती. दोनचार भाषा चाखल्या आन् थुकल्या. मग एक गावली, हास्केल नावाची, आन् ती तिच्या मनात बसली. त्याला कारण होतं. सुकेशनी रागात फोन फेकायची, ताट आपटायची, आन् मग तुकडे गोळा करत बसायची. ह्या भाषेत काही मोडताच येत नव्हतं. एकदा ठेवलेली वस्तू ठेवलेलीच राहायची. तिला बदलायचं नाय, तिच्यावरून नवी करायची. फंक्शनच्या ह्या तोंडातून जुनं गाणं आत, त्या तोंडातून नवं बाहेर. आन् जुनं गाणं जिथल्या तिथं, अंगावर ओरखडाबी नाय. कितीबी डोकं फिरू दे, नुकसान काय करणार?

कीबोर्डाला वायर जोडून तिनं गाणं लॅपटॉपमधी ओढलं. आत गाणं नव्हतंच. नुसती यादी होती. कोणता सूर, कधी, किती वेळ, किती जोरात. पेटीचा आवाजसुद्धा आकड्यांचाच ढीग. इतका चमकदार, इतका दमदार, इतक्या लवकर उठणारा. सुकेशनीनं फंक्शन लिहिलं, त्याचं नाव ठेवलं खाली. यादीतल्या एकेका सुराला धरून पेटीची पाच घरं खाली उतरवायचं, काळी पाचवरून पांढरी चारवर. दुसरं लिहिलं मऊ. ते पेटीची चमक कमी करायचं, आवाज जरा सावकाश उठवायचं, आन् बेस फार खोल गेला तर त्याला बखोटीला धरून वर घ्यायचं. मग दोन्ही नळाच्या पाइपासारखी एकमेकांत बसवली. एकीकडून सगळी गाणी सोडली, दुसरीकडून नवी गाणी आली. तिला इतका आनंद झाला की तिनं ती वाजवूनसुद्धा बघितली नाय. थांबायचं कशाला?

रविवारी मामांच्या गोदामात, खुर्च्यांच्या थप्प्यांमधी तालीम. मावशी कानाला हात लावून उभी. मामा हाताची घडी घालून. सुकेशनीनं बटण दाबलं.

पेटी आली. मऊ, खाली, बरोबर मावशीच्या गळ्याखाली हात दिल्यासारखी. मावशीचे डोळे चमकले. मग ढोलकी यायची जागा आली, आन् ढोलकी आलीच नाय. आली पोलिसाची शिट्टी. मग गाईच्या गळ्यातली घंटी. मग शिट्टी, शिट्टी, आन् समेवर झांज, आचाऱ्याच्या हातून पातेल्याचं झाकण पडावं तशी.

मावशीनं दोन ओळी तशाच रेटल्या. तिसरीला तिचं हसू फुटलं. ती खुर्चीवर बसली, पोट धरून.

"कारभारी भाऊ, ही मला ट्रॅफिकमधी गायला लावायली!"

मामा हसत नव्हते. पण त्यांच्या मिशीला काहीतरी व्हायलं होतं.

सुकेशनीचे कान तापले. लॅपटॉप उचलून फेकायला हात शिवशिवला. पण नजर पडद्यावर होती, आन् पडद्यावर चूक दिसली. त्या कीबोर्डात ढोलकीला सूर नसतात, जागा असतात. ह्या घरात थाप, त्या घरात टिचकी, पलीकडच्या घरात शिट्टी. आन् हिनं सुरांसंगं ढोलकीलाबी पाच घरं खाली ढकललं होतं. थापेनं जाऊन शिट्टीचं दार वाजवलं होतं.

"थांबा!" ती ओरडली. ह्या पोरीच्या तोंडून हा शब्द मामांनी पहिल्यांदा ऐकला असंल. तिनं फंक्शनच्या आधी एक चाळणी लावली. ढोलकीवाले बाजूला व्हा, बाकीचे खाली उतरा. जुनी गाणी जशीच्या तशी होतीच. परत त्यातून सोडली. बटण दाबलं.

ढोलकी कडाडली. मावशी उठली आन् पहिली ओळ अशी गायली की गोदामाचा पत्रा थरारला. दुसरी ओळ घेताना श्वासाला थांबली. गाणं थांबलं नाय. ते पुढं गेलं, आन् मावशी मागं राहिली. धावत सुटलेल्या रिक्षामागं माणूस पळावा तशी ती दोन ओळी पळाली, मग तिनं हात खाली सोडला.

मामा हळूच म्हणले, "पट्टी झाली पोरी. दमाचं काय करती?"

मावशी आता हसत नव्हती. पदरानं गळा पुसत म्हणली, "चल सुके, घरी."

घरी सुकेशनीनं मावशीला समोर बसवलं आन् गाऊन घेतलं. मावशी कुठं थांबती, किती थांबती, सगळं मोजून गाण्यात तेवढ्या जागा रिकाम्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी वाजवलं, तर मावशी भलत्याच ठिकाणी थांबली.

"मावशे! काल इथं नव्हती थांबली तू!"

"काल मी जिना चढून आले होते."

"मंग आज बी तिथंच थांब ना!"

"श्वास काय कंपनीत कामाला हाय का गं, पंचिंग करून आत यायला? यील तवा यील."

सुकेशनीनं उशी भिंतीवर मारली. उशीनं काय वाकडं होत नाय म्हणून उशीच मारली. मग फणफणत फोन घेऊन गच्चीवर गेली. तिला सिद्ध करायचं होतं की मावशी आधी नीट गायची, शिस्तीत. गेटावरचे जुने व्हिडिओ काढले, मोतीराम तात्या असतानाचे. एक बघितला. दुसरा बघितला. तेच गाणं, तीच मावशी, आन् दरवेळी लांबी येगळी!

तिनं डोळे बारीक केले. एका व्हिडिओत मावशी मधीच पाणी प्यायली. दुसऱ्यात समोरच्या म्हातारीची विचारपूस केली. तिसऱ्यात कोणाचं तरी रडणारं लेकरू स्टेजवर घेतलं आन् त्याला हलवत उभी राहिली. आन् प्रत्येक वेळी मोतीराम तात्या ठेक्याचा तेवढाच एक फेरा फिरवत बसलेले. धिंन् धा, परत धिंन् धा, चेहऱ्यावर काय घाई नाय, तोंडात पान. त्यांची नजर मावशीच्या खांद्यावर. खांदा जरा वर उचलला की तात्या मान हलवायचे, आन् ओळ यायची.

मावशी कधीच गाण्यामागं पळाली नव्हती. गाणं मावशीसाठी थांबायचं. गाणी कीबोर्डात भरली तवापासून मावशी नुसत्या छातीच्या जोरावर त्याला गाठत होती, आन् कोणाला कळलंबी नव्हतं. सुकेशनीलाबी नाय, आन् ती तर कोरसमधी उभी असायची!

ती जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरली.

चूक तिला आता लख्ख दिसली. ती मावशीचे श्वास मोजून गाण्यात गाडत होती. श्वास गाण्यात नसतो, तो बाहेरून यायचा असतो, गाणं वाजत असताना. आन् तिची भाषा तर जन्माची आळशी! कोणी मागितल्याशिवाय पुढचं काम करायचंच नाय, असा तिचा स्वभाव. म्हणून तर तिच्यात न संपणारी यादी ठेवता येती. यादी संपत नाय, पण लागंल तेवढीच बाहेर येती. मग ढोलकीचा एक फेरा घ्यायचा आन् त्याची न संपणारी माळ करायची. फेरा, फेरा, फेरा, जगबुडीपर्यंत. गाण्याच्या ओळी सुट्या करायच्या. स्पेसबार दाबला तरच पुढची ओळ काढायची, आन् तीबी चालू फेरा पुरा करून. तोवर फिरत राहा, तात्यासारखं, पान खात.

तिसऱ्या फंक्शनचं नाव तिनं ठेवलं थांब. लिहिताना तिचं तिलाच हसू आलं.

मावशीनं दारात उभं राहून बघितलं. "काय करायली गं?"

"तात्यांना पुण्याहून आणायली."

मामांनी घरी येऊन एकदा ऐकलं, आन् "चला, बघू" म्हणले.

चौदा तारखेला दुपारी गेटावर अशी गर्दी की मामांची गाडी लांबच अडवली, आन् कीबोर्ड डोक्यावरून न्यावा लागला. शेजारच्या स्टेजवर डीजे, पलीकडं भाषण. मामा मिक्सरपाशी बसले. त्यांनी जुन्या रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह आधीच लावून ठेवला होता.

"नुसता लावून ठेवलाय," ते म्हणले. "वखत आलाच तर."

"काढा तो."

"पोरी, समोर बघ किती माणूस हाय. इथं ताईची फजिती झाली तर त्या परत तोंड उघडायच्या नाय कधी. मलाबी ताईची काळजी हाय."

मामांची काळजी खरीच होती. सुकेशनी लॅपटॉपची वायर कीबोर्डाला जोडायला लागली.

मावशी पांढऱ्या साडीत वर आली. कानाशी हात नेऊन गुणगुणली. सुकेशनीनं कान टवकारले. पांढरी चार नाय. थंडीनं गळा आजून एक घर खाली बसला होता. तिनं फंक्शनमधला पाचाचा आकडा काढून सहा टाकला. बास, तेवढंच. सगळी गाणी एक घर उतरली, ढोलकी आपल्या जागी.

पेटी सुरू झाली. मावशीनं माईक धरला.

दार उघडं झालं बाई, दार उघडं झालं...

समोरच्या बायकांनी माना वळवल्या. आवाज ओळखीचा होता आन् नव्हताबी. एका ओळीनंतर मावशी थांबली, ढोलकी फिरली. खांदा उचलला, सुकेशनीनं स्पेसबार दाबला. ओळ आली. परत थांबली. परत खांदा. लोकांना वाटायला लागलं की हे गाणं असंच हाय, ओळ घ्यायची आन् जरा मनात फिरू द्यायची.

मग दुसऱ्या कडव्याच्या मधी मावशी थांबली, ती थांबलीच. ढोलकी फिरली. आजून फिरली. मावशीचा हात गळ्याशी गेला. खांदा जागचा हालंना. समोर कुजबूज सुरू झाली. सुकेशनीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, मामांचं बोट पेनड्राइव्हच्या बटणावर आलं होतं.

"मामा, हात काढा!"

"ताईला येईना गं..."

"यील तवा यील! हात काढा म्हणले ना!"

तिचं स्वतःचं बोट स्पेसबारवर होतं. दाबावं वाटत होतं. एरवी तिनं दाबलंच असतं. तिनं बोट उचलून मांडीखाली घातलं आन् मावशीच्या खांद्यावर नजर लावली.

ढोलकी फिरत राहिली. पुढच्या रांगेत एका बाईनं मांडीवरच्या लेकराच्या हातांनी टाळी धरली. शेजारचीनं धरली. फेऱ्याची चाल सोपी, कोणालाबी जमावी अशी. टाळी मागं मागं गेली. शेजारच्या स्टेजवरचा डीजेवाला मान वर करून बघायला लागला, आन् त्यानं आवाज बारीक केला. गेटासमोरचं अख्खं मैदान तो एक फेरा वाजवत होतं, धिंन् धा, धिंन् धा.

मावशीनं लोकांकडं बघितलं. गळ्यावरचा हात काढला. तिच्या तोंडावर हसू पसरत गेलं, आन् खांदा उचलला.

सुकेशनीचं बोट मांडीखालून कधी निघालं ते तिलाबी कळलं नाय.

ओळ अशी आली की मामांनी बटणावरचा हात काढून टाळीला लावला. तिसरं कडवं झालं, चौथं झालं. गाणं तिथं संपायचं. पण मावशीला आता कोण आवरणार? ढोलकी फिरायलीच होती. ती मागं वळली, सुकेशनीकडं बघितलं, आन् जागच्या जागी कडवं बांधलं:

भांडून आली शाळेशी ही लेक माझ्या बहिणीची
मशिनीला लावली तिनं सवय माझ्या श्वासाची

मैदान हसलं. पुढच्या बाया उठून उभ्या राहून बघायला लागल्या, कुठाय ती लेक म्हणून. कोणीतरी शिट्टी मारली. सुकेशनीचे कान लाल. तिला राग यायला पायजे होता, भरल्या मैदानात मावशीनं शाळेचं काढलं म्हणून. ती रागाला हाका मारत होती, पण तो येईना. ती कीबोर्डावर वाकून नुसती खिदळत होती. डोळ्यांतून पाणी. पडदा धूसर, खांदाबी दिसंना.

ढोलकी फिरत होती. मावशीचा श्वास भरून झाला होता, खांदा उचलून झाला होता, पुढची ओळ ओठांवर आली होती. तिनं माईक खाली घेतला, कमरेवर हात ठेवला, आन् ढोलकीच्या फेऱ्यावर मान हलवत उभी राहिली. पोरीचं हसून होईपर्यंत.